कॉलेजाचं स्थळ पाहणारा मेहुणा

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाने जितकी कॉलेजं पाहिली तितकी साऱ्या खानदेशात दुसऱ्या कुणी पाहिली नसतील, आणि शिकला म्हणाल तर गावच्या शाळेत सातवीपर्यंत. मी त्याच्याहून कमी, चौथी; तेव्हा मी हसावं असं काही नव्हतं, पण हसायचो. तो सोनगीरचा, आम्ही असोद्याचे. भावकीतल्या पोरींसाठी मुलाचं घर पाहायला गावोगाव त्यालाच नेत, आणि तो हटकून नकार देऊन येई. कुठे रांजणाला शेवाळ, कुठे बैलाच्या पाठीवर वळ, कुठे सासू नुसतीच गोड बोलते. आमची पोरगी बारावी पास झाली तेव्हा तिला एका केळीवाल्याच्या घरून मागणी आली. घर तालेवार, मी होकाराच्या बेतात. बायको म्हणाली, पोर शिकेल. घरात भांडी आपटायला लागली. शेवटी मी म्हणालो, "तुझा भाऊ पसंत करील त्या कॉलेजात घालू. त्याला एकही पसंत पडलं नाही, तर लग्न." मला वाटलं, जिंकलो. त्या माणसाला जन्मात काही पसंत पडलेलं नव्हतं.

तर हा धोतर, टोपी आणि भाकरीची पिशवी घेऊन आमच्याकडे उतरला आणि कॉलेजं पाहायला निघाला, अगदी स्थळ पाहायला निघतात तसा. आधी कळवायचं नाही, जेवायच्या वेळेला जाऊन उभं राहायचं. "सांगीसन गयात का बठ्ठं घर सारेल दिखस, दाजी," असं मला समजावायचा. म्हणजे कळवून गेलं की सारवलेलंच घर दिसतं. मी त्याच्याबरोबर एकदाच गेलो आणि पुरे झालं. फाटकाशी पोरं मोटारसायकलींवर बसली होती, त्यांच्यासमोर हा उगाचच खोकत उभा राहिला, कोण उठतं ते पाहायला. कोणी उठलं नाही. मग टाकीचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं, प्यायला, आणि चूळ भरली. शिपायाला तंबाखू देऊन विचारलं, "साहेब तुले काय म्हनी हाक मारस?" शिपाई म्हणाला, "ए." झालं. ते कॉलेज कटाप. दुसरं एक सगळं चांगलं होतं, पण भिंतीवरचं घड्याळ बंद. "ज्यासले घड्याळले चावी देवाले सवड नही, त्या पोरीकडे काय पाहतीन?" मुलींच्या वसतिगृहात तर त्याने स्वयंपाकणीकडून पोळी मागून घेतली आणि आरपार दिसतं का ते पाहायला उजेडासमोर धरली.

इकडे पोरगी रडकुंडीला. "मामा, कॉलेज पाहायचं म्हणजे प्रोफेसर पाहायचे, विषय पाहायचे. उद्या फॉर्मची शेवटची तारीख आहे!" बायको भाकरी अशी थापायची की आवाज रस्त्यावर जावा. मी केळीवाल्याकडे जायला नवा सदरा काढून ठेवला.

त्या संध्याकाळी मेहुणा धुळ्याहून आला तो हसतच. वर्गात शिरून मागच्या बाकावर बसला होता म्हणे, प्रोफेसर शिकवत असताना. "मंग काय शिकाडं?" बायकोने विचारलं. "ते काय ठाऊक? पन झोप चांगली लागनी. मास्तर वरडत नही. आन उठाडताना माले 'बाबा' म्हने." बायको पदर तोंडाला लावून आत गेली. मी सदरा पुन्हा पेटीत ठेवला. काय करता, शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने आम्ही चौघं धुळ्याला. पोरगी धावत फॉर्मच्या रांगेत गेली, आणि हा आम्हाला घेऊन थेट प्राचार्यांच्या खोलीत. पिशवीतून नारळ काढला, त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, सफारीवाल्या त्या भल्या माणसाच्या डोक्यावर टोपी घातली आणि म्हणाला, "आमनी पसंती शे. आते पोर तुमनी." प्राचार्य म्हणाले, "अहो बाबा, प्रवेश गुणांवर मिळतो." "ते तुम्ही पाहा," हा म्हणाला, "आमनाकडथून नक्की." मी जमिनीकडे बघत होतो. पण त्या माणसाने टोपी काढली नाही, आणि आमच्यासाठी चहा मागवला. गुण होतेच पोरीला. दुपारी नाव लागलं.

पोरगी पावती घ्यायला थांबली होती. मेहुणा एका रिकाम्या वर्गात शिरला आणि बहिणीला पहिल्या बाकावर बसवलं. "बस वं. तू बी पाही ले." ती कधी शाळेत गेली नव्हती, हा पाटी घेऊन जायचा तेव्हा ती शेळ्या वळायची. आधी ती बाकाच्या कडेला टेकली, मग नीट बसली, दोन्ही हात फळीवर ठेवले. हा फळ्यापाशी गेला, घसा खाकरला आणि मास्तरासारखी हाक दिली, "यमुना!" लग्नात आम्ही तिचं नाव बदललं होतं. माहेरचं नाव मला ठाऊक होतं, पण त्या नावाने तिला कोणी बोलावलेलं मी ऐकलं नव्हतं. तीसुद्धा दचकली. मग पदर सावरून ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "हाजर."

आता ती नाही. मी ठेवलेलं नाव अजून तोंडाशी येतं आणि तिथूनच परत जातं. पण यमुना नावाची पोर मला दिसली ती त्या वर्गात, तेवढीच. आणि तीही त्या चक्रम माणसाने दाखवली म्हणून.