भागोजीच्या बंदुकीचा स्क्रू

भागोजीला आमच्या गावात कुणी आडनावाने ओळखत नाही. लग्नपत्रिकासुद्धा ‘श्री. भागोजी बंदूकवाले, सहकुटुंब’ अशी येते. गाव रत्नागिरीहून एसटीने पाऊण तास आत. पंचवीस वर्षं तो आमची आंब्याची कलमं राखतो आहे आणि एवढ्या वर्षांत त्याने बंदूक झाडलेली मी एकदाही ऐकली नाही. भातात डुकरं शिरली की तो तेलाचा डबा बडवतो. बंदूक फक्त खांद्याला असते. ती त्याच्या आजाची, ठासणीची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. हा परवाना एकदा गेला की पुन्हा मिळायचा नाही, अशी त्याची खात्री आहे. परवाना गेला तर पत्रिकेवर काय लिहितील, हेही त्याने मला एकदा विचारलं होतं.

दोन हजार तेवीसच्या सप्टेंबरात पोलीस ठाण्याचा कागद आला. बावीस नोव्हेंबरला बंदूक तपासणीला आणावी, चालू स्थितीत नसल्यास परवाना रद्द होईल. बंदूक चकचकीत दिसावी म्हणून भागोजीने ती खोलली. त्याची बायको गोदा तेव्हा गणपतीसाठी समई आणि निरांजनं आमसुलाच्या पाण्यात घालत होती. एवढासा स्क्रू वेगळा कशाला घासायचा, म्हणून तिने तोही त्यात टाकला. समई वेळेवर बाहेर निघाली. स्क्रू तळाशी राहिला. मग गणपती आले, मुंबईची मंडळी आली, गौरी आल्या. माझ्या वहीप्रमाणे सतरा तारखेला पाण्यात गेलेला स्क्रू चोवीसला बाहेर आला. तोवर आंबटाने त्याचे आटे खाल्ले होते आणि तो खिळ्यासारखा गुळगुळीत झाला होता.

हा स्क्रू घोड्याचा. घोडा म्हणजे चाप ओढल्यावर खाली आपटतो तो लोखंडी तुकडा. तो आता पडायला आलेल्या दातासारखा लोंबत होता. भागोजी रागावला तेव्हा गोदा शांतपणे म्हणाली, “दसऱ्याला बंदुकीची पूजा करता नाय? मग पूजेचंच सामान ना ता?”

शोध सुरू झाला. रत्नागिरीत विनोदचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याने माप लावलं, बारा खण उघडले आणि सगळे परत बंद केले. “काका, हा मिलिमीटरमध्ये नाही आणि सुतातही नाही,” तो म्हणाला. “हा लोहाराच्या मनात आला तेवढा आहे.” शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याकडचा स्क्रू दोन फेरे गेला आणि अडकला. घड्याळजीचा आत पडला आणि बंदूक उलटी करून झटकावी लागली. लेथवाला म्हणाला, बंदुकीचा भाग घडवायला परवाना लागतो. परवाना असलेला कारागीर कोल्हापूरला, आणि त्याचा वायदा तीन महिन्यांचा. शेवटी गुरवाने देवाला कौल लावला. देवाने उजवा कौल दिला, स्क्रू मिळणार. दुकान कोणतं, ते देवाने सांगितलं नाही.

ऑक्टोबर संपता संपता विनोदला आठवलं की पूर्णगडचे सखाराम तांडेल मागे कधीतरी असाच स्क्रू जादा ठेवायला म्हणून शोधत आले होते आणि हात हलवत परत गेले होते. मी चिठ्ठी लिहून दिली. अर्ज-चिठ्ठ्या भागोजी माझ्याकडूनच लिहून घेतो. तांडेल म्हणजे मासेमारीच्या मचव्यावर आयुष्य काढलेला माणूस, आता नारळाची बाग राखतो. त्याची बंदूक माकडांसाठी. दोघांचे आजे हेदवीकडच्या एकाच लोहाराकडे गेले होते असं निघालं. आपल्या बंदुकीतला तो एकुलता स्क्रू तांडेलांनी भागोजीच्या हातात दिला नाही. तपकिरीच्या डबीत घालून, डबी बंडीच्या आतल्या खिशात ठेवून ते स्वतः आमच्या गावी आले. स्क्रू घोड्यात लोण्यात बोट जावं तसा गेला.

तांडेलांची तपासणी वीस तारखेला होती, भागोजीची बावीसला. मध्ये एक दिवस, एसटी वेळेवर. आम्ही निश्चिंत झालो. मग एकोणीसला तांडेलांना निरोप आला की त्यांची तपासणीही बावीसलाच.

ठाण्याच्या आवारात भागोजीचा नंबर अकरावा आणि तांडेलांचा बारावा. मी शिलाई मशीनचा छोटा पेचकस पिशवीत घेऊन बरोबर गेले होते. तपासणीला तरुण बाई अधिकारी होत्या. त्यांनी घोडा मागे ओढला, सोडला. टक. वहीत नोंद, शिक्का. भागोजी बाकावर येऊन बसला आणि पेचकस घेऊन आपली बंदूक खोलू लागला. पेचकस खाचेतून निसटत होता. अधिकारी बाई उठून आल्या.

“काका, आत्ताच मी ही चालू म्हणून शिक्का मारला.”

“व्हय मॅडम. तवा चालूच व्हती.”

“मग खोलताय कशाला?”

भागोजीने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगून वेळ मारून नेणं त्यालाही येत नाही आणि मलाही. “आता तांडेलांची पाळी हाय,” तो म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं, आमसुलासकट. बाईंनी विचारलं, या बंदुका शेवटच्या कधी झाडल्या. भागोजीने सांगितलं, आजाने एकदा डुकरावर झाडली, ती घरच्या रेड्याला लागली. तांडेल म्हणाले, त्यांची बंदुकीची दारू समुद्राच्या हवेने सर्दावली ती वाळलीच नाही, माकडं बंदुकीकडे बघूनच जातात.

“रद्द करायचा तर माझा करा, मॅडम,” भागोजी म्हणाला. “स्क्रू तेंचा हाय.”

एवढं बोलून त्याने बंदूक बाकावर ठेवली आणि तो उठून उभा राहिला. बाईंनी पेचकस घेतला, स्क्रू काढला, तांडेलांच्या बंदुकीत बसवला, घोडा ओढला. टक. मग टेबलावर जाऊन शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी सावकाश लिहिलं. मी चष्मा लावून वाचलं: ‘अनुक्रमांक ११ व १२, दोन्ही बंदुका चालू स्थितीत. मात्र एका वेळी एक.’ खाली शिक्का.

पुढच्या ऑक्टोबरात भागोजीच्या भातात पहाटे डुकरं शिरली तेव्हा स्क्रू पूर्णगडला होता. त्याने फोन केला. तांडेल पहिल्या एसटीने निघाले, रत्नागिरीला गाडी बदलून अकराला पोचले. डुकरं केव्हाच गेली होती. दोघांनी स्क्रू बसवला, गोदाने केलेल्या भाकऱ्या खाल्ल्या आणि तुडवलेल्या भाताच्या बांधावर, बंदूक मध्ये आडवी ठेवून, परतीच्या गाडीपर्यंत पहारा दिला.