आधी माह्या मनगटाले

तानुबाईची सुई दुखत नाही, असं जुन्या अकोल्यातल्या बायका छातीठोक सांगायच्या. दुखत कशी नव्हती? दुखायचीच, पण ही बाई गप्पांत असं गुंतवून ठेवी की पोरीला रडायला सवड मिळत नसे. लग्न ठरलं की पोरीला गोंदायला तिच्यापुढे आणून बसवायचं, ही रीतच होती. "सोनंनाणं सारं इथंच राह्यते, बाई," ती म्हणे, "गोंदण तेवढं मेल्यावर संगं येते."

तिचा एक नेम होता. पोर घाबरली की दोऱ्यानं बांधलेल्या सुया काजळीत बुडवून ती आधी स्वतःच्या मनगटात टोचायची. रक्ताचा थेंब दाखवायची. "पाह्य, मेली का मी?" पोर हसायची, हात पुढे करायची. मग त्याच सुया, तीच वाटी. दुसऱ्याच्या अंगाला लावायचं ते आधी आपल्या अंगाला, असं तिच्या सासूनं शिकवलेलं. मनगट काळंनिळं झालं होतं आणि त्याचा तिला भारी अभिमान.

तरुणपणी तिला एकदा कावीळ झाली होती. उतरली, आणि पुढे कधी डोकंसुद्धा दुखलं नाही. वस्तीत मात्र अधूनमधून एखादी नवी नवरी पिवळी पडायची. एखादी जायचीही. कोणी विहिरीला बोल लावी, कोणी नजरेला. गोंदणाच्या खपल्या केव्हाच गळून गेलेल्या. सुईची आठवण कोणाला राहणार! तानुबाई स्वतः त्या घरी जाऊन रडून यायची.

बासष्ट साली वैशाखात तिच्या एकुलत्या एक लेकीचं, सुभद्राचं, लग्न झालं, सासर अमरावतीचं. हळदीआधी तानुबाईनं लेकीच्या हातावर तुळस गोंदली, अगदी जीव ओतून. नेम लेकीसाठीही मोडला नाही. नागपंचमीला पोर माहेरी यायची होती. तिच्याऐवजी सांगावा आला. डोळे पिवळे झालेत, पोटात अन्न ठरत नाही.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरनं ती तुळस पाहिली. "कोणी गोंदलं?"

"म्याच."

"सुया उकळता?"

"उकळून कायले? धार जाते ना! पण मी बेइमान नाही, डाक्तरसाहेब. आधी माह्या मनगटाले, मंग लोकाच्या."

डॉक्टरनं तिचं काळंनिळं मनगट उलटून पाहिलं. मग त्यानं विचारलं, "तुम्हाला कधी कावीळ झाली होती?"

पुढचं त्यानं हळू आवाजात सांगितलं. काहींच्या रक्तात ही कावीळ वर्षानुवर्षं दडून राहते, माणूस धडधाकट दिसतो, आणि सुईवरून ती दुसऱ्यात जाते. बहुधा तसंच झालं असावं. तानुबाईला त्यातलं अर्धंच समजलं, पण तेवढं पुरे झालं.

"मंग मी काहून जित्ती?" ती ओरडली. "माह्यी पोरगी पडली, अन् मी काहून जित्ती?"



ती खाटेपाशी आली तेव्हा सुभद्रा शेजारच्या खाटेवरच्या बाईला हात दाखवत होती. "माह्या मायनं गोंदलं. आधी सोताले टोचून."

"अशी माय भेटाले नशीब लागते," बाई म्हणाली.

सांगून टाकावं, पाय धरावेत पोरीचे, असं तानुबाईला वाटत होतं. पण लेकीच्या तोंडावरचं ते हसू तिच्यानं मोडवेना.

पोळ्याच्या आत सुभद्रा गेली. शेवटची आंघोळ घालताना बायकांनी मंगळसूत्र उतरवलं, जोडवी काढली. पिवळ्या हातावर तुळस तेवढी राहिली. अकोल्याहून आलेली शेजारची म्हातारी मनकर्णाबाई तानुबाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको माय. तुह्यं गोंदण तरी तिच्या संगं गेलं."

तशी तानुबाई आपलं मनगट दगडावर आपटत सुटली. चौघींना ती आवरेना, आणि काहून आपटते, ते त्यांतल्या एकीलाही कळलं नाही.