पुसलेली नाणी

पारखीबाईंना आधी फक्त नाण्यांची किळस यायची. माणसांची यायला लागली ती धाकट्या भावाने तो खोका आणला तेव्हापासून.

जुन्या-नव्या नाण्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल. दिवा, भिंग, चिमटा आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा. नाणं पाहायचं, त्याची प्रत ठरवायची, चिठ्ठीवर लिहून सही करायची. त्यांची सही असली की गिऱ्हाईक नाणं उलटूनसुद्धा पाहत नसे. पण त्या सहीपर्यंत पोचायचं म्हणजे काय काय सोसावं लागे! कुणी नाणं टूथपेस्टने घासून आणी, कुणी लिंबात बुडवून. एक महाभाग तर त्यांच्यासमोरच नाण्यावर थुंकला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसून म्हणाला, "आता बघा, कसं दिसतंय!"

"नाणं बरं होतं," बाई म्हणाल्या. "आता तुमचं तोंड दिसतंय त्यात."

त्यांचा खरा राग मात्र मखमली डब्यांवर. कसलासा उत्सवी प्रसंग आला की टांकसाळ खास नाणी काढते आणि डब्यावर 'मर्यादित संख्या' असं छापते. लोक रांगा लावून घेतात, कपाटात ठेवतात आणि भाव चढण्याची वाट बघत म्हातारे होतात. एकही हरवत नाही, एकही झिजत नाही. मग दुर्मिळ कुठलं? उलट बाजारात रोज फिरणारं साधं नाणं कोरं राहिलेलं मिळणं महाकठीण, कारण ते जपून ठेवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बाई हे समजावून सांगत. लोक मान डोलवत आणि पुन्हा मखमली डबाच पुढे करत.

धाकट्याचा धंदा याच डब्यांचा. त्या दिवशी मात्र त्याच्या खोक्यात डबे नव्हते. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत भरलेली नाणी होती.

"डबे कुठे गेले?"

"जागा फार खातात गं, ताई. गोदामात पाकिटांत ठेवली होती."

बाईंनी एक पाकीट चिमट्याने उचललं. आतून ते चिकट, हिरवट झालं होतं. मऊ प्लॅस्टिकला उष्णतेने घाम फुटतो, तो नाण्याला चिकटतो आणि हळूहळू धातू खातो. आंबट वासाने बाईंनी नाक मुरडलं. पण आतलं नाणं मात्र लखलखत होतं.

"पुसलंस?"

"पितळेची भांडी घासायच्या पावडरने. सगळी. दोन दिवस बसलो होतो."

"शाबास! उरलंसुरलं तूच मारलंस."

"मला फक्त तुझ्या चिठ्ठ्या हव्यात. वरची प्रत, 'कोरं', आणि खाली सही. गिऱ्हाईक तयार आहे."

"कोण?"

धाकटा खिशात किल्ल्या खुळखुळवत राहिला. मग म्हणाला, "थोरली. भावजींचे निवृत्तीचे पैसे आलेत ना. बँकेत कुजण्यापेक्षा..."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. सख्ख्या बहिणीच्या म्हातारपणाची पुंजी, आणि हा तिला हिरवा चिकटा घासून विकणार!

"ऊठ," त्या म्हणाल्या. "खोका इथेच ठेव. थोरलीला मी बोलावते."

थोरली दुसऱ्या दिवशी दुपारी आली. कोपऱ्यात धाकटा तोंड फुगवून बसला होता. बाईंनी दिव्याखाली दोन नाणी ठेवली, एक त्याच्या खोक्यातलं आणि एक दुकानातलं, कधीच न हाताळलेलं.

"कुठलं चांगलं?"

थोरलीने क्षणभरही न थांबता धाकट्याचं उचललं. "हे. किती चमकतंय!"

धाकटा हसला.

"कडेने धर आणि दिव्याखाली हळूहळू फिरव," बाई म्हणाल्या.

थोरलीने फिरवलं. चमक जिथल्या तिथे बसून राहिली, भिंतीवरच्या तेलाच्या डागासारखी. मग दुसरं फिरवलं. त्यावरचा उजेड मधून कडेकडे पंख्याच्या पात्यासारखा गरगरला.

"अगं बाई! हे जिवंत आहे."

"आणि तुझ्या हातात होतं ते मेलेलं आहे. घासताना कातडीच सोलली त्याची. लाखभर घरांत याची भावंडं पडलीत, धडधाकट. याला कोण विचारणार?"

थोरली खुर्चीत टेकली. दोन्ही नाणी तिने पुन्हा एकेकदा फिरवून पाहिली. बाईंना वाटलं, आता ही धाकट्याच्या कानाखाली जाळ काढणार. त्यांना बरं वाटू लागलं होतं.

"म्हणजे हे ओळखायला तुझ्यासारखी नजर लागते," थोरली सावकाश म्हणाली. "सगळ्यांना नाही कळत."

"नाहीच कळत."

"मग असं कर. तू सही कर. याच्याकडून आम्ही स्वस्तात घेतो आणि तुझ्या चिठ्ठीवर पुढे देऊन टाकतो. ह्यांच्या जुन्या ऑफिसातले चारपाच जण विचारतच होते."

धाकट्याने मांडीवर थाप मारली. "वा, थोरले! माझ्याही डोक्यात आलं नव्हतं!"

दोघं एकदम हसले, लहानपणी हसायचे तसेच, एका सुरात. त्यात ओशाळलेपण कुठेच नव्हतं. बाईंनी गठ्ठ्यातून चिठ्ठी ओढली, ठळक अक्षरांत 'पुसलेलं, खराब, प्रत नाही' असं लिहिलं, खाली सही केली आणि पुढची ओढली.

"काय करतेस?" थोरली म्हणाली.

"सही हवी होती ना? प्रत्येकाला देते."

"भावंडांशीसुद्धा अशीच वागतेस तू," थोरली पर्स उचलत म्हणाली. धाकटा तिच्यामागे खोका घेऊन निघाला. बाईंनी त्याला दारात थांबवलं आणि लिहून झालेल्या चिठ्ठ्या खोक्यात टाकल्या. त्याने त्या त्यांच्यादेखतच फाडल्या.

बाईंनी फोन उचलला आणि भावजींच्या जुन्या ऑफिसचा नंबर फिरवायला घेतला.