उंबराचा धवळा शोधताना

१२ फेब्रुवारी. काम: सासूबाईंचा उंबराचा धवळा शोधणे, आजच्या आज.

सासूबाई धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत विधींची गाणी त्या म्हणतात, त्या गाण्यांना धवळे म्हणतात. महिन्यापूर्वीच्या आजारपणानंतर त्यांना मांडवासाठी उंबराची फांदी आणतानाचा धवळा आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी शहाडच्या लग्नघरी तोच म्हणायचा होता. जमत नसेल तर स्पीकरवर गाणी लावू, असं तिथून कळवलेलं. सासूबाईंनी मला सांगून टाकलं, उद्या अडले तर यापुढे कुणाच्या मांडवात पाय ठेवायचा नाही.

नऊ वर्षं त्यांचे धवळे मी मांडवात उभी राहून उतरवून घेत, मग टाइप करून पेनड्राइव्हवर ठेवत आले. एका लग्नाची एक फाइल, नाव म्हणजे नुसती तारीख. अशा शंभरावर. कोलशेतच्या आमच्या घरातला कम्प्युटर दिरांच्या कामाचा आणि त्यात काही टाकायचं नाही, ही त्यांची सक्त ताकीद. मी एकेक फाइल उघडून वाचायला बसले. जेवणवेळेपर्यंत अकरा झाल्या, उंबर सापडला नव्हता.

मग डोंबिवलीला लेकीला फोन केला. युनिक्स या जुन्या कम्प्युटर-प्रणालीच्या पद्धतीची छोटी छोटी साधनं एका झिपमध्ये मिळतात, ती पेनड्राइव्हवरच उलगडायची आणि तिथूनच चालवायची, असं ती म्हणाली. मी भावजींची ताकीद ऐकवली.

"अगं आई, काकांच्या शेगडीवर आपलं पातेलं ठेवायचं. शिजलं की पातेलं उचलायचं. शेगडीला काय होतंय?"

तिनं सांगितलं तसं केलं. कम्प्युटरनं पासवर्ड मागितला नाही, परवानगी विचारली नाही. आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली. शब्द शोधून देणाऱ्या ग्रेप नावाच्या साधनाला मी 'उंबर' हा शब्द दिला, सगळ्या फाइली दाखवल्या आणि एंटर दाबलं.

बोट उचलायच्या आत पडदा भरला. नऊ वर्षांतले सगळे उंबर, प्रत्येक ओळीपुढे तिची तारीख. ज्या मांडवांत मी ताटकळत उभी राहिले, ते सगळे एकाखाली एक. मी खुर्ची मागे सरकवली आणि नुसती बघत राहिले.

मग ओळी नीट वाचल्या, अशा एकत्र पहिल्यांदाच. एक दुसरीसारखी नव्हती. कुठे उंबर खाडीपलीकडचा, कुठे मामानं राखलेला, कुठे नवरीच्या जन्माआधीचा. इतकी वर्षं मी समजत होते, सासूबाईंना सगळं पाठ आहे. त्या तर प्रत्येक घरासाठी नवा रचत होत्या, उभ्या उभ्या, अक्षरओळख नसताना. मला त्या कम्प्युटरचं वाटलं नसेल एवढं नवल त्यांचं वाटलं.

मी त्यांना एकेक ओळ वाचून दाखवली. चौथ्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"पुरं. मना पयला शब्द दे फक्त."

दिला. डोळे मिटून त्या म्हणत गेल्या, आणि ते माझ्या एकाही फाइलीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला रजा कळवली, शहाडला गेले आणि मांडवात त्यांच्या मागे, कानाशी पहिला शब्द सांगता येईल इतक्या जवळ बसले.