जावयानं वाचवलेला घोडा

लाडोबाला मी खच्ची करवून घेतलं ते त्याच्या भल्यासाठी नव्हे, मी त्याला घाबरलो होतो म्हणून. सासऱ्यांना मात्र सांगितलं की दुसऱ्या घोड्याची लाथ बसून त्याला नाजूक जागी इजा झाली होती आणि डॉक्टर म्हणाले, आजच्या आज काढायला हवं, नाहीतर जिवावर बेतेल. लाथ कुणी मारली नव्हती. इजा झाली होती ती माझ्या अब्रूला.

हे आधीच सांगून टाकतो, कारण यापुढचं बहुतेक सगळं आनंदाचं आहे, आणि त्या आनंदात मी ही गोष्ट दोन वर्षं लपवून ठेवली होती.

आमची पागा केंब्रिजहून न्यूमार्केटकडे जाताना लागते. सासरे मूळचे पुण्याचे, घोड्यांचे डॉक्टर. तरुणपणी इथल्या एका स्टड फार्मवर नोकरीला आले, पुढे स्वतःची जमीन घेतली, थोड्या घोड्या घेतल्या. शर्यतीची शिंगरं जन्माला घालायची, वाढवायची, काही विकायची, काही स्वतः पळवायची, असा आमचा घरचा धंदा. माझी बायको ट्रेनर आहे. मी केंब्रिजमधली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून पागेचं ऑफिस सांभाळायला आलो. शर्यतींच्या एंट्री, विमा, चंदीच्या ऑर्डरी, घोडामालकांचे फोन. घोड्यांपासून हातभर लांबच असायचो. सासऱ्यांना आम्ही सगळेच बाबा म्हणतो. ते पाहुण्यांशी माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचे जावईबापू. यांना घोडा फक्त एक्सेलमध्ये आवडतो."

तरी त्या जागेनं मला जे सुख दिलं ते कुठल्याच ऑफिसनं दिलं नाही. पहाटे घोडे व्यायामाला निघाले की थंडीत त्यांच्या नाकपुड्यांतून वाफ निघते, आणि सगळ्या रांगेवर एक पांढरा ढग चालत जातो. फेब्रुवारीत शिंगरं जन्मायला लागतात. तासाभरात ती उभी राहतात, म्हणजे उभी राहायचा प्रयत्न करतात, चार पाय चार दिशांना. आणि एक जानेवारी. शर्यतीच्या घोड्यांचं वय त्या दिवशी एका वर्षानं वाढतं, मग तो खरा जन्मला असो मार्चमध्ये नाहीतर मेमध्ये. सगळ्या पागेचा वाढदिवस एकाच दिवशी. बाबा त्या सकाळी प्रत्येक घोड्याला गुळाचा खडा भरवतात, "मोठा झालास हो" म्हणतात, आणि आम्हा माणसांना गाजरहलवा मिळतो. गाजरं घोड्यांच्याच पोत्यातली.

लाडोबा हे घरातलं नाव. शर्यतीतलं नाव वेगळं, भारदस्त. त्याची आई ही बाबांची पहिली घोडी. पाय अधू म्हणून कुणी घेत नव्हतं, तेव्हा बाबांनी ती घेतली होती. तिच्या पोटची बाकीची शिंगरं अडीअडचणीला विकली गेली. लाडोबा तिचं शेवटचं, आणि त्याला जन्म दिला त्या वर्षीच ती गेली. तिच्या रक्तातलं आमच्याकडे एवढंच उरलं होतं. या घोड्यांच्या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही, सगळं निसर्गाच्या नियमानंच व्हावं लागतं. म्हणून बाबा सगळ्यांना बजावून होते, "याला हात लावायचा नाही. हा पूर्ण नर राहील. शर्यतीत धड पळाला, तर याची शिंगरं या कुरणात खेळतील."

लाडोबा दोन वर्षांचा झाला आणि त्याच्या अंगात आलं. वयात आलेला घोडा चावतो, पुढचे पाय उचलतो. एका रविवारी मी त्याच्या कुरणातून शॉर्टकट मारला. पागेतल्या लहान पोरालाही कळतं की असं करू नये. कान मागे पाडून तो माझ्या मागे लागला. मी फाटकावरून उडी मारून पलीकडे चिखलात पडलो, वर बघितलं तर सगळी पागा कुंपणाला टेकून उभी. आमची लेक युनिव्हर्सिटीतून घरी आली होती. तिनं फोनवर सगळं टिपलं होतं.

"डॅडी, तुझा जंप एकदम क्लीन होता," ती म्हणाली. "नो फॉल्ट्स."

तो व्हिडिओ पुण्यापासून नागपूरपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरला. साउथहॅम्प्टनच्या मेहुण्यानं विचारलं, पुढच्या शर्यतीत जावयालाच उतरवताय का. मीही हसणारे चेहरे टाकले. पण त्यानंतर लाडोबाच्या खोलीवरून जाताना मी पलीकडच्या भिंतीला चिकटून चालायचो, आणि तो दाराबाहेर मान काढून माझ्याकडे बघायचा ते मला आवडत नसे.

मग बाबा भाच्याच्या लग्नासाठी पुण्याला गेले. बायको दोन दिवस उत्तरेकडे शर्यतींना गेली होती. आमचे नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर होते आणि बदली म्हणून एक तरुण डॉक्टर दुसऱ्या एका शिंगराचा खोकला बघायला आला होता. काम आटोपून त्यानं विचारलं, "आणखी काही?"

मी म्हणालो, "हो."

घोडा धरायला आमचा आयरिश मोतद्दार होता. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. "म्हाताऱ्यांना माहीत आहे ना?"

"बोललोय मी," मी म्हणालो.

बोललो नव्हतो. विमानतळावर बाबांना आणायला गेलो तेव्हा गाडीत ती लाथेची गोष्ट सांगितली. बायकोलाही तीच सांगितली होती. दोघांनी घोडा पाहिला. सूज होती, पण ती खच्ची केल्यावर येतेच. माझ्या खोटेपणाला बिचाऱ्यानं स्वतःच्या अंगानं पुरावा दिला. डॉक्टरांची बिलंही माझ्याच टेबलावर येत. बाबा बराच वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "जीव वाचला ना. मग झालं." मोतद्दाराला सगळं कळलं होतं, पण तो एवढंच म्हणाला, "तुमचं घर, तुम्ही बघा."

मला वाटलं, विषय संपला. पण लाडोबा जिंकायला लागला.

त्या वर्षी तो एकदाच पळाला आणि शेवटचा आला. तीन वर्षांचा झाल्यावर मात्र समुद्रकाठच्या एका छोट्या मैदानावर असा काही पळाला की बायको दुर्बीण फेकून रेलिंगवर चढली. लेकीनं ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. जिंकलेल्या घोड्याला आणतात त्या रिंगणात बाबा टोपी हातात घेऊन उभे होते, वाऱ्यानं पांढरे केस उभे. मी आयुष्यात इतका आनंदी माणूस पाहिलेला नाही. शेजारच्या एका इंग्रज मालकानं अभिनंदन केलं तर बाबा मला पुढे ओढून म्हणाले, "यांचे आभार माना. हा घोडा मरायचा होता. आमच्या जावयानं वेळेवर डॉक्टरला बोलावलं म्हणून आज उभा आहे."

घोड्याचा लगाम धरून उभ्या असलेल्या मोतद्दारानं मला डोळा मारला.

पुढे दर विजयाला हेच. लाडोबा चिखलात जिंकला, कोरड्या मैदानात जिंकला, एकदा सुटताना अडखळूनही जिंकला. खच्ची केल्यावर तो शांत झाला होता, सगळी ताकद पळण्यात लावत होता. आणि दर वेळी बाबा नव्या माणसाला ती गोष्ट सांगायचे. गोष्ट वाढत गेली. आधी मी डॉक्टरला बोलावलं होतं, मग रात्रभर त्याच्या उशाशी बसलो, मग स्वतः त्याला मलमपट्टी केली. मी तर त्याच्या खोलीसमोरून जायचंही टाळायचो. घोडा जितका जोरात पळे तितका मला आनंद होई, आणि शेवटचे दोनशे मीटर उरले की मनात येई, आता परत माझं कौतुक होणार.

गेल्या दिवाळीला लंडनजवळच्या इल्फर्डच्या मराठी मंडळानं एका चर्चचा हॉल भाड्यानं घेतला होता. फराळ, मुलांची गाणी, आणि सत्कार. बाबांचा असेल असं मला वाटलं. निघायच्या आधी बायको माझा कुडता इस्त्री करत म्हणाली, "अरे, शाल-श्रीफळ तुला आहे. बाबांनीच सुचवलंय. घोडा वाचवणारा जावई म्हणून."

बायको आणि लेक पुढच्या गाडीत फराळाचे डबे घेऊन गेल्या. बाबा माझ्या शेजारी बसले, कोटाच्या खिशातून भाषणाचा कागद काढून वाचायला लागले. एम-इलेव्हन हायवेवर येईपर्यंत मी ऐकलं. "रात्रभर" हा शब्द आला तेव्हा मी म्हणालो, "बाबा, लाथ बसली नव्हती."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मी सगळं सांगितलं. कुरण, फाटक, व्हिडिओ, बदली डॉक्टर. सांगताना वेग कमी झाला असावा, कारण मागचे लोक हॉर्न वाजवत होते.

"सर्व्हिसला घ्या," बाबा म्हणाले.

सर्व्हिस म्हणजे हायवेवरचा चहापाण्याचा थांबा. तिथं ते आत गेले आणि दोन चहा घेऊन आले. माझ्या चहात साखर नव्हती. विसरले की मुद्दाम, मी विचारलं नाही.

"घाबरलास त्याचं काही नाही," ते म्हणाले. आमच्या लग्नापासून ते मला अहोजाहो करत आले होते, त्या दिवशी पहिल्यांदा अरेतुरे. "घोड्याला घाबरत नाही तो मूर्ख. मला फोन केला असतास तर मी नाही म्हणालो असतो, हेही खरं. आणि तो तसाच राहिला असता तर एवढा पळाला असता की नाही, कुणास ठाऊक. मी स्वतः शेकड्यानं घोडे खच्ची केलेत."

मला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात ते म्हणाले, "पण मी दोन वर्षं लोकांना सांगत फिरलो रे. मी खोटं बोलत नाही, म्हणून लोक माझ्याकडून घोडा घेतात. तू माझ्या तोंडून खोटं वदवलंस."

लाडोबाच्या आईचं, त्या म्हाताऱ्या घोडीचं नावही त्यांनी काढलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. मी म्हणालो, "मंडळाला फोन करतो. सत्कार नको म्हणून कळवतो."

"कशाला? नारळ आणलाय त्यांनी." ते उठले. कागदाच्या चार घड्या करून त्यांनी तो रिकाम्या कपात कोंबला. "मी काही बोलणार नाही. शाल घ्यायची की नाही ते तू बघ."

हॉलमध्ये चकलीचा आणि अत्तराचा वास भरला होता. माझं नाव पुकारलं. सूत्रसंचालक बाईंनी शाल उलगडली आणि बाबांना माइक दिला. बाबांनी तो माझ्या हातात दिला आणि पहिल्या रांगेत, बायको आणि लेकीच्या मध्ये जाऊन बसले.

मी शाल घेतली, तिची घडी केली आणि ती परत बाईंच्या हातात ठेवली. घोड्यानं मला फाटकावरून कसं पळवलं ते सांगितलं. लोक इतके हसले की मागून कुणीतरी तो व्हिडिओ दाखवा म्हणालं. बायको हसत नव्हती, तिला आता कळत होतं. मग मी पुढचंही सांगितलं. डॉक्टर, नसलेली लाथ, सगळं. बाबा हात मांडीवर ठेवून बसले होते, शर्यतीआधी घोडा फिरताना बघतात तसे, शेवटपर्यंत बघायचं ठरवून.

"बाबा," मी म्हणालो, "मी तुमच्या घोड्याला घाबरलो आणि मग तुम्हाला घाबरलो. त्याच्या आईचं तुमच्याकडे जे एकच उरलं होतं, ते मी तुम्हाला न विचारता संपवलं. आणि तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत, तुम्हाला मी बोलायला लावलं. यांतलं काहीच मला परत करता येणार नाही. माझं चुकलं. मला माफ करा."