पुढच्या दाराने अटक

ते पोस्टकार्ड आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. सत्तरच्या दशकात मी भिवंडीत सबइन्स्पेक्टर होतो आणि निनावी पत्रे ही आमची रोजची न्याहारी. अमका दारू गाळतो, तमका जुगार चालवतो. लिहिणाऱ्याची इच्छा एकच, शेजाऱ्याचे वाटोळे व्हावे. हे पत्र मात्र मलाच नाटकातला माझा पार्ट समजावून सांगत होते.

"धोट्यांचा चोर टेमघरला कारखान्याच्या मागच्या खोलीत ऱ्हातो. माल तांदळाच्या पिंपात हाय. बेड्या घालून, पुढच्या दारानं, समद्यांदेखत न्या."

धोटा म्हणजे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी. ती गेली की लूम बंद. त्याच आठवड्यात टेमघरच्या एका लूम कारखान्याचे शेठ तक्रार घेऊन आले होते.

"साहब, ये चोर है या मज़ाक? कपड़े का पूरा थान सामने पड़ा है, हाथ नहीं लगाता. धोटा ले जाता है!"

मी जाऊन पाहिले. गेलेले सातही धोटे मागच्या भिंतीलगतच्या चार लूमचे होते. भिंतीपलीकडे शेठचाच एक कारागीर राहत होता. "सोने जैसा आदमी," शेठ म्हणाले.

आता माझी हुशारी ऐका. चारचौघांत बेड्या मागणाऱ्या माणसाला सूड घ्यायचा असतो, हा माझा अनुभव. म्हणून मी भर दुपारी, साध्या कपड्यांत, एका हवालदाराला घेऊन मागच्या दाराने गेलो. पिंपात सात धोटे निघाले, स्वच्छ पुसून फडक्यात गुंडाळलेले. तिशीतला तो माणूस लाल डोळ्यांनी उठला आणि निमूट चालू लागला. स्वतःवर मी भलताच खूश होतो.

स्टेशनात चौकशी सुरू केली.

"विकायचे होते?"

"न्हाय."

"मग?"

"धोटे नाव घेतात माझं. धोटा गेला की एकदा, आला की एकदा. बारा तास ड्युटीवर घेतात. घरी पडलो की दुसरी शिफ्ट भिंतीतून घेते. एक धोटा काढला तर तेवढा तरी गप ऱ्हातो."

एवढे बोलून तो बाकावर कलंडला आणि घोरू लागला. मार खाऊन आडवे झालेले आरोपी मी पाहिले होते, शांतता मिळाली म्हणून झोपलेला हा पहिलाच.

तेवढ्यात त्याची बायको आली, हातात डबा. मी रडारडीच्या तयारीत बसलो.

"बेड्या कुठं हायेत?" तिने विचारले.

"काय?"

"मागच्या दारानं का आनलात? कार्डात नीट लिवलं व्हतं ना!"

हवालदाराने टोपी काढून डोके खाजवले. माझा निनावी खबऱ्या पदर खोचून समोर उभा होता.

तिने कनवटीचा कागद टेबलावर ठेवला. चार महिन्यांपूर्वी सरकारी डॉक्टरांनी त्यावर लिहिले होते, मनोरुग्णालयात न्यावे.

"मग नेले का नाही?"

"घरच्यानं अर्ज करायचा, मग कोरटाचा हुकूम. अर्ज केला की गावभर नाव. माझी नणंद लग्नाची हाय, साहेब. येत्या ऐतवारी पावनं येनार. चोराच्या घरची पोर करतात. चोर सुटून येतो. येड्याच्या घरची कोन करील? रक्तात हाय म्हनतात. कंपौंडर बोलला, पोलिसांनीबी नेता येतं. म्हनून कार्ड टाकलं. तर तुमी त्याला गुपचूप आनलात! आता गल्ली म्हनंल, डोक्याच्या इलाजाला नेला."

माझ्या हुशारीने तिची चार महिन्यांची आखणी पाण्यात घातली होती. नणंदेचे लग्न आणि नवऱ्याचा इलाज, दोन्ही आता माझ्या हातात.

पंचनामा बाकी होताच. मी त्याला मागच्याच दाराने परत खोलीवर नेले. वेळ मुद्दाम नळाची धरली, सारी गल्ली हंडे घेऊन हजर. मग मी असा काही गरजलो की दोन हंडे कलंडले. "चल चोरा! बाहेर निघ!" उंबरठ्यावर बायको कपाळ बडवत होती, "घराचं तोंड काळं केलंस रे!" काय आवाज, काय हातवारे! पण मी बेड्या घालताना तिने हळूच त्याच्या सदऱ्याच्या बाह्या मनगटावर ओढल्या, लोखंड लागू नये म्हणून.

"तिथं लूम हायेत का?" त्याने मला विचारले.

"नाहीत."

तो माझ्या पुढे चालू लागला.

नाटक गल्लीपुरते. स्टेशन डायरीत मी खरे तेच लिहिले. मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे उभे केले, वैद्यकीय तपासणी झाली, मनोरुग्णालयाचा हुकूम निघाला. शेठनी चोरीची तक्रार पुढे रेटली नाही. "धोटे मिल गए. अब आदमी मिल जाए," म्हणाले.

नणंदेचे लग्न झाले. मला बोलावणे नव्हते. भावाला बेड्या घालणाऱ्याला कोण बोलावील? काही महिन्यांनी तो परतला. शेठनी त्याला कापडाच्या घड्या घालायचे काम दिले, बायकोने खोली बदलली. नाक्यावर लोक विचारत, "काय रे, जेलात भाकरी कशी होती?" आणि तो न पाहिलेल्या जेलच्या गोष्टी रंगवून सांगे.

गुन्हा लपवणारी माणसे मी नोकरीभर पाहिली. आजार लपवायला गुन्हा पुढे करणारी इथे पाहिली. तेव्हापासून कुणी फारच विचित्र चोरी केली, की मुद्देमालाआधी मी त्याच्या घराची भिंत पाहू लागलो. तो कुठे झोपतो, कधी झोपतो, त्याच्या घरात लग्नाचे कोण आहे, हे विचारू लागलो. इलाज कुठे होतो हे त्या बाईला माहीत होते. तिथवर जायच्या वाटेत गल्ली उभी होती.

आणि गल्लीला काही कळत नाही, असे समजायचेही कारण नाही. वर्षभराने तिथलीच एक बाई आली. अटकेच्या दिवशी नळावर सर्वांत मोठ्याने "चोर, चोर" ओरडलेली. सोबत तिचा भाऊ, नजर जमिनीत रुतलेली.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "त्याला धाडला, त्या जेलात याला जागा व्हईल का?"

"याने काय चोरले?"

तिने भावाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"अजून काय न्हाय. तुमी सांगाल ते चोरंल."