दोन बाटल्या, एक डबा

माझ्या मावशीचं काम असं, की काहीच घडलं नाही तर ते नीट चाललंय म्हणायचं. धडधाकट माणसांनी रोज एक गोळी घेतली तर हृदयविकाराचा झटका टळतो का, हे शोधणाऱ्या चाचणीसाठी ती आठ वर्षं घरोघरी जातेय. चिठ्ठी काढून निम्म्यांना औषधाची गोळी, निम्म्यांना नुसत्या पिठाची. दिसायला सारख्याच. कोणाला कुठली, हे तिलाही ठाऊक नाही. आजारी माणूस औषध मागून घेतो. धडधाकटाच्या मात्र हात धुऊन मागे लागावं लागतं. "अजून जिवंत आहोत, लिहून घ्या," म्हणत लोक दार लोटतात.

चार महिन्यांनी चाचणी संपणार होती. मग मावशी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेणार होती. तारीखही मिळाली होती.

त्या दिवशी मीच तिला स्कूटरवरून शिंप्याच्या घरी नेलं. चौथा मजला. वर पोचल्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू इमारत मीच बांधली होती.

"बाटल्या दाखवा," ती शिंपीकाकूंना म्हणाली.

काकूंनी स्टीलचा डबा पुढे केला. "दोन्ही यातच आहेत."

"अहो, दोघांचे नंबर वेगळे आहेत ना?"

"असू देत. एकाला खरी अन् एकाला खोटी निघाली असेल तर? म्हणून मिसळते. निम्मी खरी ह्यांना, निम्मी मला."

"चाळीस वर्षांत एवढंच सारखं वाटून घेतलंय," शिंपीकाका मशीन न थांबवता म्हणाले. "बाकी नुसती भांडणं."

"कधीपासून मिसळताय?"

"पहिल्यापासूनच की!"

मावशी मटकन खाली बसली, नेमकी इस्त्री केलेल्या पँटींवर.

उतरताना दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. "हे लिहिलं तर सगळ्या जोडप्यांकडे पुन्हा जाऊन विचारावं लागेल. चाचणीही लांबेल."

"मग नको लिहूस. कोण बघतंय?"

"अरे शहाण्या, बघायला मलाच ठेवलंय."

तिनं लिहिलं. चाचणीच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "चिठ्ठी घरागणिक काढायला हवी होती. आपण माणसागणिक काढली."

मावशीच्या सेहेचाळीस जोडप्यांपैकी एकोणीस जोडप्यांत दोघांचा डबा एकच निघाला. एका घरात तर सासूबाईंनाही वाटा होता. कोणाला वगळलं नाही. पण औषध आणि पीठ यांतला फरकच पुसट झाला, म्हणून चाचणी दोन वर्षं वाढली. तोवर जिने चढायला दुसरं कोणी मिळेना.

दवाखान्यात फोन मला करायला लावला.

"पुढची तारीख कधीची देऊ?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"दोन वर्षांनंतरची."

"एवढ्या पुढचं रजिस्टर आम्ही अजून आणलेलंच नाही."

मी मावशीला सांगितलं. ती डोळे मिटून खुर्चीत पडली होती.

"मग म्हणावं," ती म्हणाली, "नाव तेवढं कुठेतरी कोपऱ्यात लिहून ठेवा."